खूण पुढे सरकत नाही

मंगळवार, ता. ९

ती. दादास,

नमस्कार. आम्ही दोघी ठीक. तूही ठीक असशील असं धरून चालते, नाहीतर वहिनीने कळवलं असतं. रविवारी तू आईला फोन करायच्या आत हे पत्र तुझ्या हाती पडायला हवं. फोनवरच सांगितलं असतं, पण तू "बरं, बरं" करत ठेवून देतोस.

आधी ऑफिसचं. आमच्या औषधांच्या दुकानांची विक्री रोज मुख्य डेटाबेसमध्ये चढते. सगळी नाही, काल जिथे थांबलो तिथून पुढची फक्त. त्यासाठी 'कुठपर्यंत आणलं' ही खूण जपावी लागते. तर गेले काही दिवस तीच ती विक्री पुन्हा पुन्हा चढत होती. खोकल्याचं औषध इतकं खपलेलं दिसलं की साहेब म्हणाले, "अख्खं गाव खोकतंय की काय?" सगळे हसले. माझं हल्ली हसायचं राहूनच जातं.

चूक लवकर सापडेना, कारण प्रोग्रॅममध्ये डोकावून बघावं तर खूण बरोबर. ताजी तारीख, ताजी वेळ. पण ती होती आतल्या फंक्शनमध्ये, म्हणजे प्रोग्रॅममधल्या एका छोट्या तुकड्यात. बाहेर त्याच नावाचं दुसरं व्हेरिएबल, माहिती ठेवायचा डबाच म्हण, जुनीच तारीख धरून बसलेलं. आतलं काम संपलं की आतलं सगळं पुसलं जातं, आणि दुसऱ्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न. हे लिहिणारा आमचा घाईगडबड (नाव मीच ठेवलंय) म्हणाला, "अगं, पण मी तर बदललं होतं!" बदललं होतंच रे, पण आतल्या आत.

शेवटी आतली तारीख बाहेर आणली आणि लिहून ठेवली. एवढंच काम होतं.

आता घरचं. आई सकाळी दोन कप मांडते, एक तिचा, एक बाबांचा. "हे अजून फिरून आले नाहीत?" विचारते. मी सांगते. ती पहिल्यांदाच ऐकल्यासारखी रडते. दुपारपर्यंत तिला सगळं नीट कळलेलं असतं, शेजारच्या काकूंना स्वतःच सांगते, "हे गेले हो." झोपून उठली की कप पुन्हा दोन. डॉक्टर म्हणाले, यावर औषध नाही. बाहेर लिहून ठेवायचं म्हणून मी भिंतीवर कागदही लावून बघितला. तिने वाचला आणि विचारलं, "कुणाबद्दल आहे गं हे?"

सुरुवातीला मी तिच्याबरोबर रडायचे. मग नुसती पाठ थोपटायला लागले. परवा सांगताना माझं सगळं लक्ष गॅसवरच्या दुधाकडे होतं. बाप गेल्याची बातमी मी दूध उतू जाऊ नये म्हणून घाईने उरकली. मला वाईटसुद्धा वाटलं नाही.

म्हणून काल तिने विचारलं तेव्हा म्हटलं, "दादाकडे गेलेत राहायला." तिचा चेहरा काय सांगू तुला! "बोलले एकदाचे बापलेक," म्हणाली आणि बाबांचा कप आपल्या हाताने उचलून ठेवला. दिवसभर गुणगुणत होती.

आज सकाळी कप एकच होता. कसं कोण जाणे, एवढं मात्र तिच्यात टिकलं.

बाबा आजारी असताना तू आला नाहीस, नंतरही नाही. त्याचा मला आता रागही येत नाही. पण रविवारी ती म्हणेल, "यांना दे जरा." ते गेले असं सांगू नकोस. झोपलेत म्हण, फिरायला गेलेत म्हण. तुम्ही दोघं बोलता का विचारलं, तर हो म्हण. तिला पुन्हा दोन कप मांडायला लावू नकोस.

वहिनीलाही सांगून ठेव. ते गोड मागतील, देऊ नका. बाबांना सांभाळ.

तुझी,
धाकटी