सुजयच्या फोनमधलं हीटिंग

मंगळवार, १३ जानेवारी. बेसिंगस्टोक.

बाहेर सगळं गोठलंय आणि सुजयने आज पुन्हा लंडनच्या ऑफिसात बसून, फोनवरून घरचं हीटिंग बंद केलं. भिंतीवरचं बटण दाबून मी चालू केलं, तर त्याने तिकडून परत बंद केलं. आई नागपूरहून आलीय ती काय यासाठी? कोट, शाल, तरी तिची बोटं निळी.

फोन केला तर म्हणतो, "अगं, एक जम्पर जास्त घाला ना. उगाच अख्खं घर कशाला तापवायचं?"

माझा आवाज चढला तशी आईने हात धरला. "जाऊ दे गं, माझ्यावरून भांडू नकोस." त्या निळ्या बोटांचा गारठा माझ्या मनगटावर अजून आहे. नवऱ्याला काय म्हणावं? कंजूष? की त्याहून वाईट काहीतरी, जे मला लिहवत नाही?

संध्याकाळी रेडिएटर टकटक करत तापू लागले. परतीच्या ट्रेनमध्ये बसला की तो स्वतःसाठी चालू करतो. आईला एवढ्या दिवसांत ते कळलंय. शाल सैल करत ती म्हणाली, "जावईबापू निघाले वाटतं."

मी उठून चहा टाकला. आईपुरता आणि माझ्यापुरता.