तोटीच्या पिंपावरचं नाव

२ एप्रिल १९८८, शनिवार
इतवारीच्या बाजारपेठेतून स्टीलचं पिंप आणलं. वीस लिटरचं, खाली पितळी तोटी. प्रेमिला म्हणाली, माठ आहे की. माठाचं पाणी थंड असतं हे मलाही कळतं. पण शेजारच्या आनंदराव रामटेक्यांनी कालच याच ताराचंदच्या दुकानातून असंच पिंप आणलं. आम्ही दोघं एका ऑफिसात, समोरासमोरच्या टेबलांवर. एकाकडे पिंप आणि एकाकडे माठ, हे बरं दिसत नाही.

मी त्यांच्यापेक्षा एक काम जास्तीचं केलं. दुकानातच नाव टाकून घेतलं. आनंदराव म्हणे, 'आधी पाणी भरून पाहू, नावाचं नंतर.' संशयी माणूस. मी मशीनपुढे उभं राहून लिहवून घेतलं: 'मधुकर देवाजी गजभिये, हेड क्लर्क'. प्रमोशनची ऑर्डर मे महिन्यात निघेल, ती माझीच आहे. 'हेड क्लर्क' जरा खोल टाका, असं बजावलं.

३ एप्रिल, रविवार, सकाळी ७
तोटी ठिबकते. स्वयंपाकघरभर पाणी. चहा नाही.

सकाळी ९
आनंदरावांचीही ठिबकते. चहा प्यायलो. मन शांत.

४ एप्रिल, सोमवार
मन अशांत. आनंदरावांनी पिंप वापस केलं! ताराचंदनं कटकट तर केलीच नाही, वर चहा पाजला. पिंपाच्या जागी त्यांच्या शोभाताईंनी प्रेशर कुकर निवडला. संध्याकाळी भिंतीपलीकडून शिट्ट्या ऐकू आल्या. चार.

५ एप्रिल, मंगळवार
हाफ डे टाकून पिंप खांद्यावर घेऊन इतवारीत. ताराचंद म्हणाला, "साहेब, नाव टाकलेलं भांडं कोण घेईन? तोटीचा वायसर बदलून देतो. दहा मिनिटं बसा."

बसलो नाही. आनंदरावांना बदलून आणि मला वायसर? मला चहाचंही विचारलं नाही. म्हणजे विचारलं, पण आनंदरावांचा विषय काढून विचारलं. पिंप उचलून तडक घरी आलो. खांदा सोलला.

८ एप्रिल, शुक्रवार
पेपरात वाचलं, ग्राहकांसाठी नवीन कायदा झालेला आहे. ताराचंदला माहीत नाही त्याची गाठ कोणाशी आहे.

संकल्प: १) कुकर नाही, कुकरपेक्षा मोठी वस्तू मिळवायची. २) शिट्ट्या मोजायच्या नाहीत.

आज पाच झाल्या. मोजल्या नाहीत, ऐकू आल्या.

१४ एप्रिल, गुरुवार
जयंती. वस्तीच्या पाणपोईवर आपलं पिंप ठेवलं. हजार माणसं पाणी पितील, हजार माणसं नाव वाचतील. ठिबकतंय हे गर्दीत कोणाला दिसतं? दुपारपर्यंत पाणपोईपुढे चिखल झाला. म्हाताऱ्या प्रयागबाई घसरता घसरता वाचल्या. त्यांना आनंदरावांनीच सावरलं, त्यांचीच वाहवा झाली. घसरवलं मी, नाव झालं त्यांचं.

नाव मात्र सगळ्यांनी वाचलं. ऑफिसातला चपराशी नत्थू म्हणाला, "साहेब, ऑर्डर निंगाली काय?" मी नुसता हसलो. आनंदरावही हसले. त्यांच्या हसण्याचा अर्थ अजून लागलेला नाही.

१७ एप्रिल, रविवार
तक्रार अर्ज पूर्ण. अकरा पानं. भाषा जहाल. प्रेमिलाला वाचून दाखवायला बसलो तर तिसऱ्या पानावर ती कपडे वाळत घालायला गेली. कपडे कालच धुतले होते.

२३ एप्रिल, शनिवार
सीताबर्डीत ग्राहकांना सल्ला देणारे एक रिटायर्ड मास्तर बसतात, ओमप्रकाशजी. फुकट सल्ला देतात. अकराही पानं वाचली, चष्मा पुसला आणि विचारलं, "तुमची तक्रार दुकानदाराविरुद्ध आहे की आनंदरावांविरुद्ध?"

मग म्हणाले, नाव टाकलं म्हणून हक्क जात नाही. बिल आहे, वस्तू खराब आहे, तर दुरुस्ती करून मागा नाहीतर बदलून मागा. पण पिंप गळतं हे अर्जात कुठेच लिहिलेलं नाही. एक पान पुरे, चार ओळींचं. दुकानदार दुरुस्ती देत असेल तर आधी ती घेऊन पाहा.

घरी येऊन अर्ज तपासला. खरंच नाही. आनंदराव सदतीस वेळा आहेत. पण गळतंय हे उघडच आहे, ते काय लिहायचं? मास्तर ताराचंदला सामील असावेत.

घरी प्रेमिला म्हणाली, "अवो, वायसर टाकून घेतला असता तर तीन हप्त्यांपासून पाणी पिऊन राहिलो असतो." बाईमाणसाला तत्त्व समजत नाही.

२ मे, सोमवार
मार्ग सापडला. ताराचंद नावावर अडला ना? नावच नको. पॉलिशवाल्याकडे घासायला दिलं. 'मधुकर देवाजी गजभिये' पार गेलं. 'हेड क्लर्क' जात नाही. पॉलिशवाला म्हणे, हे कोणत्या गाढवानं एवढं खोल टाकायला लावलं? मी म्हटलं, दुकानदारानं.

ताराचंदनं पिंप फिरवून फिरवून पाहिलं. "साहेब, आता याले गिऱ्हाईक एकच. ते भेटलं का घेऊन या." वायसरचं पुन्हा बोलला. मी मान फिरवली.

९ मे, सोमवार
ऑर्डर निघाली. आनंदराव रामटेके, हेड क्लर्क.

काही लिहायचं नाही.

९ मे, संध्याकाळी
सात शिट्ट्या. पुरणाची डाळ असावी. मी जळत नाही. मला फक्त एवढंच म्हणायचं आहे की, माझ्यात काय कमी होतं? दोन वर्षं मी सीनिअर. अक्षर माझं चांगलं. त्या माणसाला सगळं मिळतं, आणि मागावंही लागत नाही. मला मागूनही वायसर.

(वायसर न मागता मिळत होता. तो मुद्दा वेगळा.)

१५ मे, रविवार
ऑफिसातले गोपाळराव घरी आले. आनंदरावांच्या सत्काराला काय द्यावं, तुम्ही शेजारी, तुम्हीच सांगा, म्हणाले. बोलता बोलता नजर व्हरांड्यातल्या पिंपावर गेली. जवळ गेले, वाचलं, आणि माझा हात धरला. "मधुकरराव, तुम्ही तर आधीच बनवून ठेवलं! आन आम्ही तुमच्याबद्दल काय काय बोलून राहिलो होतो."

डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मी 'नाही' म्हणणार होतो. पण आतून प्रेमिला बाहेर आली आणि म्हणाली, "हो ना, त्यायच्याकडे पिंप नाही." चहा ठेवला. साखर जास्त टाकली.

२१ मे, शनिवार
सत्कार. मी स्वतः पिंप दिलं. टाळ्या खूप पडल्या. आयुष्यात मला एवढ्या पडल्या नव्हत्या. आनंदरावांनी मिठी मारली आणि कानात म्हणाले, "मले वाटत होतं, तू माह्यावर जळून राहिला. माफ करजो गा." मी म्हटलं, छे.

२९ मे, रविवार
बाहेर आगीसारखं ऊन. नळ आला नाही, आमचा माठ रिकामा. प्रेमिलानं तांब्या देऊन शेजारी पाठवलं.

पिंप शोभाताईंच्या ओट्यावर, भोवती ओला कपडा गुंडाळलेला, 'हेड क्लर्क' तेवढं उघडं. आनंदरावांनी ताराचंदकडून नवा वायसर टाकून आणला. दहा मिनिटं लागली, म्हणाले. चहाही मिळाला.

तोटीखाली हात धरून बराच वेळ उभा राहिलो. एक थेंब पडला नाही. मग तांब्या भरला, तिथंच अर्धा प्यायलो, पुन्हा भरला.

पाणी थंड होतं.