ठेवून घेण्याची सोय नाही

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून (कंबर धरून का होईना, पण पूर्ण वाकून) नमस्कार. इकडे आम्ही सगळे ठीक. तुझी तब्येत विचारायची सोय तू ठेवलेली नाहीस. फोन वाजतो आणि मग कापला जातो, त्यावरून निदान हात शाबूत आहेत एवढं कळतं. गुडघ्याचं काय म्हणणं आहे? तेल लावतेस का? (लावत नसशीलच. आयुष्यभर शाळेला शिस्त लावणाऱ्या मुख्याध्यापिकेला स्वतःला कोणी काही सांगितलेलं चालत नाही, हे मी जन्मापासून सोसतोय.) हे पत्र कागदावर लिहितोय, कारण ईमेलचं नावही काढायचं नाही असं तुझ्या भावजयीने मला बजावलं आहे. तू रागावली आहेस आणि तुझा राग रास्त आहे. पण फाशी द्यायच्या आधी आरोपीचं म्हणणं ऐकून घेतात, तेवढं घे.

माझे ईमेलचे चार पत्ते होते, हे तुला ठाऊक आहे. एक दवाखान्याचा, एक घरचा, एक आमच्या इमारतीच्या कमिटीचा (चिटणीसपद माझ्या गळ्यात पडलं त्याला कारण एवढंच, की त्या सभेला मी गेलो नव्हतो) आणि एक तूच उघडून दिलेला, ज्यावर फक्त तुझी पत्रं येतात. चारही पासवर्ड वेगळे. मी कमिटीचा पासवर्ड दवाखान्याला घालायचो, दवाखान्याचा घरच्याला, आणि सारखं कुठलं ना कुठलं दार बंद होऊन बसायचं. मग एकदा प्रिंटर दुरुस्त करायला एक गृहस्थ आले. माझी तारांबळ पाहून म्हणाले, "डॉक्टर, चार नळांवर बादल्या घेऊन कशाला फिरता? सगळं पाणी एकाच टाकीत सोडून देतो." आणि दिलं सोडून. सगळी पत्रं एकाखाली एक, एकाच पडद्यावर! मला इतका आनंद झाला की मी त्यांना दोनदा चहा पाजला. प्रिंटर तसाच बंद आहे हे ते गेल्यावर लक्षात आलं.

खरी मेख पुढेच आहे. दवाखान्याच्या पत्त्यावर मी एक आपोआप जाणारं उत्तर लावून ठेवलं होतं. जनावरांचे मालक फार उतावीळ असतात, मी येईपर्यंत त्यांना धीर यावा हा शुद्ध हेतू. मजकूर माझाच, आणि लिहिला तेव्हा मला तो फार मुद्देसूद वाटला होता: "आपली तक्रार मिळाली. विनाकारण ओरडत असेल तर जंताचं औषध द्यावं. चावत असेल तर तोंड बांधून आणावं. वय झालं असेल तर फार अपेक्षा ठेवू नये. आमच्याकडे ठेवून घेण्याची सोय नाही, तपासून झालं की त्याच दिवशी परत न्यावं." टाकी एक झाल्यावर हे उत्तर चारही पत्त्यांवरून, जो लिहील त्याला, जायला लागलं. मला याचा गंधही नव्हता.

कमिटीच्या अध्यक्षांनी पाण्याच्या पंपावरून तावातावाने भलंमोठं पत्र लिहिलं होतं. त्यांना जंताच्या औषधाचा सल्ला मिळाला. त्यांनी तो शांतपणे घेतला असं म्हणवत नाही, कारण आता ते मला पाहिलं की लिफ्ट सोडून जिन्याने जातात. (चौथ्या मजल्यापर्यंत. त्यांच्या प्रकृतीला ते चांगलंच आहे.) माझ्या सासऱ्यांनी, या वयात पोहायला शिकतोय म्हणून, पाण्यातला फोटो घरच्या पत्त्यावर मोठ्या कौतुकाने पाठवला. वय झालं असेल तर फार अपेक्षा ठेवू नये! त्यावर त्यांनी आपल्या लेकीला फोन करून, तुझा नवरा माझ्या मरणावर टपलाय का, असं विचारलं. मला कशाचाच उलगडा होईना. मी आपला माणसं अशी का वागतात म्हणून जगाला नावं ठेवत बसलो होतो.

आणि मग तू. ताई, तू आयुष्यात कधी कोणाकडे काही मागितलं नाहीस. भाऊजी गेल्यानंतरही, "माझं मी बघते," म्हणून आम्हाला परत पाठवलंस. त्या तू लिहिलंस, की घर खायला उठतं, काही दिवस तुमच्याकडे येऊन राहू का? आणि तुला उत्तर काय गेलं, तर ठेवून घेण्याची सोय नाही.

त्यावरही तू मोठ्या मनाने पुन्हा लिहिलंस. माझ्या त्या एकत्र टाकीत तुझं पत्र एका न खाणाऱ्या मांजरीच्या आणि एका लंगड्या बोकडाच्या मध्ये येऊन पडलं होतं. दारात एक खवळलेला कुत्रा आणि त्याहून खवळलेली मालकीण उभी, त्या घाईत मी नाव न बघता पहिली ओळ वाचली. "जेवण जात नाही, दिवसभर खिडकीत बसून असते." मी स्वतःच्या हाताने लिहिलं, "दोन दिवस वाट बघा, नाहीच खाल्लं तर सुई देऊ." हे मात्र यंत्राने केलेलं नाही, मीच केलं. त्यानंतर तू लिहिणं सोडलंस. पुढे कशावरून तरी तुझ्या भावजयीने तो पडदा उघडला आणि सगळं वरपासून खालपर्यंत वाचलं. मला जे ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही.

तर झालं ते असं. शिक्षा काय द्यायची ती दे, पण राग टाक.

तुझा,
धाकटा

ता.क. : आतली खोली रिकामी केली आहे. माझी पुस्तकं, बंद प्रिंटर आणि व्यायामाची सायकल (कोरी) बाहेर काढली. पलंग खिडकीशी लावलाय.

ता.क. २ : काही दिवसांसाठी ये असं मी म्हणणार होतो. तुझी भावजय खांद्यावरून वाचतेय, ती म्हणते की 'काही दिवस' खोड. खोडलं. कायमची ये. मलाही तेच हवंय, लिहायला धीर होत नव्हता इतकंच.

ता.क. ३ : "इकडे आम्ही सगळे ठीक" यातलं 'इकडे' म्हणजे तुझा जिना. मघाशी बेल वाजवली तेव्हा तू दाराच्या भिंगातून बघून मागे फिरलीस, सपातांचा आवाज आला. तेव्हापासून पायरीवर बसून हे लिहितोय. कागद तुझ्या शेजारणीने दिले, आणि ती अजून दारातच उभी आहे. सामान उचलायला दोघं आलोय, गाडी खाली आहे. बॅग भरायला हवा तेवढा वेळ घे. पण आधी दार उघड, ताई.