निळ्या धाग्याची डिस्क

प्रिय ताई,

आधीच सांगते, घाबरू नकोस. माझं पत्र आलं की तू वाईटच धरून चालतेस, मला माहितेय. पण आज सगळं बरं आहे. ढमी पलंगाखाली शिरून माझी चप्पल चघळतेय. हे शनिवारी येऊन गेले, आता ट्रक घेऊन पुन्हा दहा दिवस बाहेर. आणि मी खुशीत आहे. इतकी, की कुणाला तरी सांगितल्याशिवाय भात गिळवणार नाही. चौथीपर्यंतच्या शाळेत जेवढं लिहायला शिकले तेवढ्यात मावतंय का बघते. तुझ्याकडे एक मागायचंय, पण ते शेवटी. आधी मागितलं तर तू पत्र टाकून भांडायला निघशील.

चिमी कशी आहे? रांगते का? ढमी पुढे कमी आणि मागे जास्त रांगते, आईवर गेलीय. सात महिने झाले गं चिमीला तुझ्याकडे ठेवून. दूध दोघी जुळ्यांना पुरत नाही, असं मी तेव्हा म्हटलं होतं. ते राहू दे आत्ता, त्याच्यावर येतेच.

मी भरतकामाच्या कारखान्यात धागे कापते, ते तुला ठाऊक आहे. सहा मशिनी. शाळांचे बिल्ले, दवाखान्याच्या टॉवेलांवरची नावं, हॉटेलवाल्यांचे एप्रन, सगळं मशीनच शिवतं. पण मशीनला नक्षी सांगतो तो कोपऱ्यात टेबलाखाली बसलेला एक कॉम्प्युटर. त्याला सर्व्हर म्हणतात. अकरा वर्षांच्या नऊ हजार नक्ष्या त्याच्या पोटात. त्यात दोन डिस्क होत्या, पाटीएवढ्यासुद्धा नाहीत, विटेच्या अर्ध्या. जे एकीवर लिहिलं जातं तेच दुसरीवर. जुळ्या म्हण. एक मेली तरी दुसरी काम चालवते, म्हणून सगळे निवांत.

तर काय झालं, तो सर्व्हर एक दिवस बोंबलायला लागला. टीं टीं टीं. आमच्या मालकीणबाईंना वाटलं फ्रीज वाजतोय. फ्रीजवाला येऊन बघून गेला. तिसऱ्या दिवशी कळलं आवाज टेबलाखालून येतोय, तर हिशेबनिसाने त्याच्यावर उशी ठेवली! शपथ गं, उशी. ढमी तिथेच रिळांच्या खोक्यात झोपायची, तिची झोपमोड नको म्हणून. कौतुकच करायला हवं त्याचं. पाचव्या दिवशी बाईंनी कॉम्प्युटरचा पडदा वाचला. लिहिलं होतं, डिस्क नंबर एक खराब. बाई शिकलेल्या, भिंतीवर पदवी लावलीय. त्यांनी पहिली डिस्क ओढून काढली. आणि सहाच्या सहा मशिनी थांबल्या.

ह्या कॉम्प्युटरवाल्यांचं मोजणं शून्यापासून असतं, ताई. पहिल्या डिस्कचं नाव शून्य. नंबर एक म्हणजे दुसरी. बाईंनी मेलेली आत ठेवली आणि जिवंत बाहेर काढली.

बाई घामाघूम. नवी कोरी डिस्क हातात घेऊन त्या आत सारणार, आणि पडदा विचारत होता, सगळं नव्याने सुरू करू का? बाईंचं बोट बटणावर. मी कात्री टाकून तिथे गेले, कारण ढमी रडत होती, दुसरं काही नाही. जाता जाता टेबलावर काढून ठेवलेल्या डिस्कला हात लागला. गरम होती गं. अंग भरून गरम, झोपेतून उचललेल्या पोरासारखी. आणि आत राहिलेली गार. माझ्या तोंडातून निघून गेलं, बाई थांबा, तुम्ही जिवंत आहे तिलाच बाहेर काढलंय. बाई ओरडल्या, तुला काय कळतंय त्यातलं? मी म्हटलं, मला काही कळत नाही, पण हात लावून बघा. त्यांनी हात लावला. मग खुर्चीत बसल्या त्या उठल्याच नाहीत.

चष्मेवाले काका आले, सर्व्हरची कामं तेच करतात. त्यांनी गरम डिस्क परत बसवली, काहीतरी टाइप केलं. दहा मिनिटं हिशेबनीस उशी धरून उभा. मग नऊ हजारच्या नऊ हजार नक्ष्या आल्या. बाईंनी मला मिठी मारली, कात्रीसकट.

नवा सर्व्हर कसा घ्यायचा ते ठरवायला काका दुसऱ्या दिवशी बसले, आणि बाई म्हणाल्या, हिलाही बसू दे. मी आणि मीटिंगला! काकांनी रिळाच्या खोक्यावर चित्र काढून दाखवलं. चार डिस्क, दोन-दोनच्या जोड्या, आणि पाचवी आत नुसती तयार बसलेली. एखादी गेली की ती आपणहून तिच्या जागी उभी राहते. बाई म्हणाल्या, तयार कशाला बसवायची फुकट, तिच्यावरही नक्ष्या ठेवू. काका म्हणाले, ठेवा, मग उशीही आणून ठेवा. मी हळूच विचारलं, जोडीतल्या दोन्ही डिस्क एकाच खोक्यातून, एकाच दिवशी बनलेल्या आणणार का? माझ्या दोघी एकत्र होत्या तेव्हा एकीला ताप आला की संध्याकाळी दुसरीला हमखास. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, वेगवेगळ्या दुकानांतून आणतो. मग ते म्हणाले, जोडी असली तरी चूकही दोन्हीवर लिहिली जाते, आणि आग लागली तर दोघी जातात, म्हणून एक कॉपी दुसऱ्या गावी ठेवा. बाई लगेच म्हणाल्या, हिचं बघा, हिची एक दुसऱ्या गावीच आहे. सगळे हसले. मीही हसले. मग संडासात जाऊन रडले.

आता खरं सांगते. दूध पुरत होतं, ताई. दोघी तीन महिन्यांच्या होत्या, दोघींना ताप होता. मी तापाचं औषध ढमीला पाजलं, आणि थोड्या वेळाने चिमीला समजून पुन्हा ढमीलाच पाजलं. ढमी उठेना. चिमी तापाने फणफणलेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या काही होणार नाही, आणि झालंही नाही. पण मला माझ्या हातांचं भय बसलं. ढमीच्या पायात लाल आणि चिमीच्या पायात निळा धागा बांधला तरी बाटली धरली की हात कापायचे. वाटायचं, एक तरी माझ्यापासून लांब असावी. म्हणजे एक तरी वाचेल. म्हणून तुझ्याकडे आणली. ह्यांनाही सांगितलं नाही.

नवा सर्व्हर आला तेव्हा प्रत्येक डिस्कच्या कडीला मी रंगीत धागा बांधला. शून्याला लाल, एकला निळा, मग हिरवा, पिवळा. तयार बसलेलीला पांढरा. वहीत तसंच लिहिलं. रोज सकाळी दिवे बघायचे आणि वहीत खूण करायची, हे काम बाईंनी मलाच दिलं. पगारही वाढवला. एवढी मोठी चूक करून बाईंनी कारखाना नाही विकला, ताई. चहा घेतला आणि धागे बांधून घेतले. मी मात्र अर्धं घर बाहेर पाठवलं होतं.

आणि आज. सकाळी गेले तर निळ्या धाग्याच्या डिस्कपुढे पिवळा दिवा, म्हणजे ती मेली. पांढरीने तिची जागा कधीच घेतली होती, कुणाला पत्ताही नाही. काका फोनवर म्हणाले, ओळखता येतेय ना, काढ मग. मी दिवा बघितला, धागा बघितला, वही बघितली, परत दिवा बघितला. कापत्या हातानेच ओढली. कान मशिनींकडे. सहाच्या सहा चालू! एक टाकासुद्धा चुकला नाही. हिशेबनिसाने टाळ्या वाजवल्या, ढमीनेही वाजवल्या. हात कापला तरी बरोबर तीच काढतो, हे मला आज कळलं.

भिंतीवर मी दोन रकान्यांचा कागद लावलाय, लाल आणि निळा. औषध पाजलं की खूण. निळा रकाना कोरा आहे.

चिमी ही काही कॉपी नाही गं. ढमी हसते तेव्हा नाक मुरडते, चिमी कशी हसते ते मला ठाऊक नाही. मला ती हवी. पण सात महिने तू छातीशी धरलेली पोर मी उचलून आणली तर तुझ्या एकटीच्या घरात काय राहील, हे मला कळतं. तेवढी अक्कल आहे. काकांनी सर्व्हरमधलं एक कार्डही दाखवलं होतं. पाचही डिस्क त्याच्याच जिवावर चालतात, तेच जळलं तर डिस्क धडधाकट असून उपयोग शून्य. म्हणून तसंच दुसरं कार्ड आणून कपाटात ठेवलंय. आमच्या घरी ते कार्ड मी एकटीच आहे. म्हणून हे पत्र. चिमीला घेऊन तू ये, आणि राहायलाच ये. कपाटात नाही, घरात. पुढच्या खोलीतल्या खिडकीखाली तुझं शिलाई मशीन बरोबर बसतं, मी वितीने मोजलंय. ह्यांना आज दुपारी फोनवर सगळं सांगितलं, औषधाचंही. ते म्हणाले, ताईंना घ्यायला ट्रक घेऊनच जातो, मशीन जड असेल. तू नाही म्हणालीस तरी पुढच्या शनिवारी, ते परतले की, ट्रक दारात उभा राहील, तेव्हा भांडण तिथे त्यांच्याशी कर. चिमीच्या पायातला धागा झिजला असेल. तू बांधू नकोस. रीळ माझ्याकडे आहे, मी बांधते.

तुझीच,
कापऱ्या हातांची धाकटी