स्टिअरिंगचा जाम सांधा

४ मार्च

चि. फिटरबाई हिस अनेक आशीर्वाद.

डेपोत तुला बढती मिळाल्याचं पत्र आईने जिन्यावरच्या चारही घरांना दाखवून आणलं. आता कामाचं. बाबांच्या गाडीचं स्टिअरिंग तीन महिने जाम आहे, तसूभर हलत नाही. बाबा म्हणतात, जुनी झाली, सोडा नाद. स्वतः मात्र दिवसभर गॅलरीत बसून असतात. चाळीस वर्षं वेल्डिंग केलेला माणूस साधा पाना उचलत नाही, हे मला बघवत नाही. म्हणून ठरवलंय, गाडी मीच सुरू करणार आणि वाढदिवसाला किल्ली त्यांच्या हातात ठेवणार.

स्टिअरिंगचा दांडा खाली ज्या सांध्यात बसतो, तो काही केल्या निघत नाही. शिंप्याच्या हाताला जमेल असं सांग. हसू नकोस.

लोभ आहेच, त्यात थोडं मार्गदर्शनही मिसळ.

तुझा दादा


८ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

हसले. आधी बॅटरीची तार काढ. सांध्याचा बोल्ट नुसता सैल करून भागत नाही, पूर्ण बाहेर काढ. गंजाचं तेल सोडून दिवसभर मुरू दे, मग फटीत छिन्नी घालून ती जराशी फाकव. दांड्याच्या टोकावर हातोडा घालू नकोस, सांध्याच्या अंगावर चहूबाजूंनी हलके ठोके मार. तरी नाही हलला, तर तारेच्या ब्रशने घास, उजेडात बघ आणि काय दिसतं ते कळव. जोर लावू नकोस. तुझा जोर माझ्या सायकलीने पाहिलाय.

आईला नमस्कार. माझ्यावर रागावलास तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी फिटरबाई


१२ मार्च

चि. फिटरबाई हिस अनेक आशीर्वाद.

सगळं सांगितलंस तसं केलं, सांधा ढिम्म. घासल्यावर काळ्या रंगाखालून एक रेघ निघाली. सांधा आणि शेजारची लोखंडी पट्टी यांना जोडणारी, बखिया घातल्यासारखी सुबक, शेवटी डावीकडे वळलेली. कारखान्यातूनच अशी येते का? बाबांना विचारलं, तर असेल काहीतरी म्हणाले आणि पेपर उघडून बसले.

कोपऱ्यावरचा गॅरेजवाला महिनाअखेरीच्या रविवारी कटर घेऊन येतोय. दहा मिनिटांत मोकळं करतो म्हणाला. तुझा लोभ असला की झालं.

दादा


१८ मार्च

चि. फिटरबाई हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

दादाला सापडलेल्या रेघेबद्दल तू मला दोन ओळींत विचारलंस. हो, वेल्डिंग माझंच आहे. शेवट डावीकडे वळवायची माझी खोड तू ओळखलीस, याचं बरं वाटलं आणि धास्तीही वाटली.

मला डाव्या डोळ्याने जवळजवळ दिसत नाही. शाळेच्या वळणावर एक बाई मुलाला कडेवर घेऊन डावीकडे उभी होती. तिने बॉनेटवर हात आपटला तेव्हा मला ती दिसली. लागलं कुणालाच नाही. घरी येऊन किल्ली पिठाच्या डब्यात लपवली आणि दोन दिवसांनी मीच काढून फिरून आलो. मग टाकीमागे लपवली, तिथूनही शोधून काढली. लपवणारा मी आणि शोधणाराही मी, मग किती वेळ लागणार? शेवटी दांडाच बांधून टाकला.

सांगितलं असतं, तर तुम्ही मला हात धरून जिना उतरवला असता. ते मला सहन होणार नाही. दादाला कळवू नकोस, पण कापूही देऊ नकोस. गाडी सुरू झाली तर मी बसेन.

आहे तोच लोभ ठेव, दया नको.

बाबा


२७ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

कटरवाल्याला नाही म्हणून सांग. ती रेघ कारखान्याचीच आहे. कापलास तर पुन्हा जुळणार नाही, आणि नवा सांधा कुठेच मिळत नाही. आमच्या स्टोअरमध्ये दोनदा विचारलं. तुझी मेहनत फुकट गेली याचं मला खरंच वाईट वाटतं. पण या बाबतीत माझं ऐक.

बाबांना पंधरा दिवस माझ्याकडे आण. खिडक्यांना जाळ्या करून हव्यात, असं मी त्यांना लिहिलंय. डेपोच्या ड्रायव्हरांचे डोळे तपासणारी डॉक्टरीण आमच्या शेजारीच राहते, तेही होऊन जाईल. ते हो म्हणालेत.

एवढ्यावर लोभ टिकव. आणि येताना रस्त्यात त्यांच्या डाव्या बाजूने चाल. हात मात्र धरू नकोस.

तुझी फिटरबाई