कावा

कार्तिक शुद्ध ५, शके १८६४

आज नळदुर्गाबाहेरच्या माळावर पोचले. जागा छान आहे. वारा मोकळा, विहिरीला पाणी भरपूर, राहायला तबेल्यामागची कोरडी खोली. हे गेल्याला दीड वर्ष झालं. त्यानंतर आज पहिल्यांदा पोटभर जेवले. यांच्या दुकानातल्या पुड्यांच्या कागदांवरून मी वाचायला शिकले, म्हणून ही वही.

जहागीरदारांना घोडे शिकवायला मैदान करायचं आहे. त्यासाठी आम्ही चौघी बायका. घोडे शिकवणारे चाबूकस्वार चाँदपाशा म्हातारे आहेत, गोड बोलतात. मी मुरुमची, हे कळल्यावर हसून म्हणाले, लो, मुरुमची बाई मुरूम पसरायला आली!

लेक नीलम्मा जळकोटला दिली आहे, इथून तीन-चार कोस. पहिलं बाळंतपण. तिला माहेर उरलं नाही, म्हणून मीच तिच्याकडं जायचं. मार्गशीर्ष लागला की येते, असा शब्द दिला आहे.

कार्तिक शुद्ध ११

हातभर खोल खणून झालं. खाली मोठे दगड, वर मुरूम, कडेला जरा उतार, म्हणजे पाणी साचत नाही. मुरुमावर पाणी मारून तो आधी धुमसानं ठोकायचा, मग आम्ही अनवाणी तुडवायचा. सगळ्यात वर नदीची चाळलेली वाळू, चार बोटं. जास्त झाली तर घोड्याच्या शिरा दुखावतात.

मुकादम महांतप्पा काठावर उभा राहून आम्हाला डावीकडं वळवत गोल चालवतो, चाबूक वाजवतो, चल गं घोडे म्हणतो. हमिदाबी माझ्या पुढं असते. ती म्हणाली, घोड्याला हरभरा मिळतो मुकादम, आमाला तेवढा तरी द्या. सगळ्या हसलो.

घोड्याला लांब दोरीवर असं गोल फिरवतात, त्याला कावा म्हणतात. मला कावा म्हणजे कपट एवढंच ठाऊक होतं. चाँदपाशा म्हणाले, घोड्याला विचारा, दोन्ही एकच.

कार्तिक वद्य ४

मधोमध खांबासाठी खड्डा खणला, तर घोडीची हाडं लागली. महांतप्पानं तिथंच खांब पुरायला लावला.

चाँदपाशांनी सांगितलं ते असं. सात वर्षांपूर्वी विकत आणलेली ती घोडी सुटली की सरळ जुन्या मालकाच्या गावाकडं धावायची. जहागीरदार म्हणाले, हिची सरळ जायची खोड मोडा. तीन दिवस, पाण्याविना, तिला याच जागी काव्यावर धरली. दोरी माझ्याच हातात होती, म्हणाले. खोड मोडली का, असं मी विचारलं. ते माझ्या पायांकडं बघत राहिले.

कार्तिक वद्य १२

मैदान तयार झालं. आता घोडे फिरून गेले की दंताळ्यानं टापांचे खड्डे मोडायचे, वाळू सारखी करायची, धुळीवर पाणी शिंपडायचं. काम हलकं आहे.

पण तीन दिवस झाले, विहिरीकडं निघते आणि तबेल्याशी पोचते. हमिदाबी म्हणते, बाई, म्हातारपण आलं तुमाला. मग तिचंही तेच झालं.

मार्गशीर्ष शुद्ध १

पहाटे जळकोटला निघाले. रस्ता पूर्वेचा, उन्हं तोंडावर होती. थोड्या वेळानं ऊन उजव्या गालावर आलं. मग पाठीवर. मी एकदाही वळले नाही. जोंधळ्याच्या रानातून वर आले तर समोर मैदान.

काठावर महांतप्पा दात कोरत बसला होता. म्हणाला, या अक्का, लवकर आलात.

मार्गशीर्ष शुद्ध ३

आणखी दोनदा निघाले. दोनदा इथंच.

महांतप्पा म्हणतो, या मैदानाला कुंपण लागत न्हाय. तो स्वतः कधीच आत पाय ठेवत नाही, हे मला आज दिसलं.

चाँदपाशांना विचारलं, आधी का सांगितलं नाही? ते म्हणाले, सात वर्षं मी घरी गेलो नाही, बाई. सांगितलं असतं तर तुम्ही निघून गेला असता. मग माझ्याशी बोलायला कोण राहिलं असतं?

मार्गशीर्ष शुद्ध ५

बैल तर सरळ जातात, म्हणून काल हमिदाबीला काठावर वाळू आणून टाकणाऱ्या बलभीमच्या गाडीत घातलं. गाडीला बांधलं. बलभीम परत येऊन सांगतो, कोसभर गेल्यावर तिचे पाय बसल्या जागी चालायला लागले. बैल बुजले, दोर तुटला, ती चाकाखाली आली.

आज सकाळी ती इथं होती. एक पाऊल उलटं फिरलेलं. त्या पावलावर चालत होती, डावीकडं. दुपारी पडली ती उठली नाही. महांतप्पानं तिच्या पावलांचे खड्डे माझ्याकडून मोडून घेतले—

मार्गशीर्ष शुद्ध ६

मी गेले नाही तर नीलम्मा मला शोधत येईल. हट्टी आहे. याच वहीचं पान फाडून लिहिलं: मी खुशाल आहे, इकडं येऊ नको, मैदानावर पाय ठेवू नको. पान वेडंवाकडं फाटलं, एक कोपरा वहीतच राहिला. बलभीमनं ते बाजारात जळकोटच्या एका माणसाकडं दिलं.

मार्गशीर्ष शुद्ध ९

पाय थांबत नाहीत. झोपेतही. आज चाँदपाशांकडून मधल्या खांबाला घट्ट बांधून घेतलं. गाठ पाठीमागं. हात मोकळे. ते घोड्यांना पाण्यावर घेऊन गेले.

बलभीम काठावर आला. हसत होता. अवो मावशी, तुम्ही मेलात की! जळकोटात तुमच्या नावानं आंघोळी झाल्या!

कोपरा. कोपरा फाटलेलं पत्र म्हणजे मयताची खबर. बघताक्षणी रडायला लागले असतील. त्या घरात वाचता कुणालाच येत नाही, आणि वाचून घ्यायला कोण थांबतं—

नीलम्मा आईच्या मातीला निघाली आहे, म्हणे. आजच. मी ओरडले, मला सोड, नाहीतर तिला वाटेत अडव. तो म्हणाला, मी काय येडा हाय का आत यायला, आणि मला सोलापूरला जायचंय. गेला.

गाठ सुटत नाही. नखं—

गाडी दिसते. रस्त्यावर थांबली. ती उतरली. पोटाला हात लावून.

महांतप्पा तिला हात करून मैदान दाखवतो आहे. हसतो आहे.

आवाज बसला माझा. येऊ नको. येऊ न

तिनं मला पाहिलं. जिवंत पाहिलं. आई म्हणाली—

पळतेय. वाळूतून. अजून सरळ येते आहे, अजून सर