खाकरणाऱ्या भुताची पायवाट

तीर्थरूप मामांना,

तोंडातल्या टाचण्या काढून ठेवून साष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? तुम्ही माझ्या हाती सोपवलेलं शिवणाचं दुकान झकास चाललंय, फक्त काल हेडमास्तरांच्या विजारीचे दोन्ही पाय एकमेकांना शिवले गेले. दोष माझा नाही, भुताचा आहे.

दुकानाच्या मागच्या खिडकीखालून दवाखान्याकडे जाणारी पायवाट तुम्हाला ठाऊकच आहे. तिथे मागून कुणीतरी घसा खाकरतं. वळून पाहायचं नाही, मनात असेल ते खरंखरं मोठ्याने बोलत चालायचं, म्हणजे भूत नाद सोडतं. (खोटं बोललं की ठेच लागते, वकीलसाहेब लांबच्या रस्त्याने जातात.) त्यामुळे भर दुपारी अख्खं गाव माझ्या खिडकीखालून कबुलीजबाब देत जातं. पोस्टमास्तर सांगतात, की आपण लोकांची पत्रं उघडून वाचतो. (साहेब, तुम्हालाही नमस्कार.) मी कान टवकारतो आणि मशीन भलतीकडे धावतं.

सोमवारी दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणत गेल्या, की "रविवारी मला पाहायला येताहेत, शिंपी तर तोंड उघडेना, मग मी आपली होकार देऊन टाकते." मामा, मी टाचणीच गिळणार होतो! मला त्या गेली दोन वर्षं आवडतात. पण समोर आल्या की माझी दातखीळ बसते, म्हणून म्हटलं, आधी भुतापुढे तालीम करावी. मंगळवारी निघालो. दहा पावलं गेलो नाही तोच मागून खाकरण्याचा आवाज! मग काय, भीतीने सगळं भडाभडा बोललो: त्या आवडतात, लग्न करीन तर त्यांच्याशीच, आणि त्यांच्या कोटाची बटणं मी मुद्दाम कच्ची लावतो, म्हणजे त्या परत दुकानात येतील.

मागे नर्सबाईच होत्या. त्यांना सर्दी झाली होती. म्हणाल्या, "कच्ची कसली, बटणं चांगली पक्की असतात हो. मीच ब्लेडने काढते."

मी इतका आनंदात आहे, की हेडमास्तरांना नवी विजार फुकट शिवून देतोय.

तुमचा भाचा

ता. क. रविवारच्या पाहुण्यांना नर्सबाईंनी नको म्हणून कळवलंय. त्याऐवजी त्यांचे वडील माझ्याकडे येणार आहेत. बोलणी करायला तुम्ही या. माझ्या तोंडात टाचण्या असतील.

आणखी एक. काल मामीला फोनवर विचारलं, हे भूत कधीपासूनचं? म्हणाली, तुझ्या मामांनी दुकान थाटलं त्याच वर्षी आलं. रोज त्या खिडकीतून खाकरायचं, आणि आमचं लग्न ठरलं त्या दिवशी गप्प झालं. पुढे लोकांना नुसते भास. मग हसून म्हणाली, "त्यांना सांगू नकोस, पण मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. म्हणून तर खिडकीखाली आले की मी आणखी मोठ्याने बोलायचे."